डावं, उजवं, डावं

पहाटे ४.००

अंगारकीला टिटवाळ्यात गजर लावायची गरज नसते. आम्ही मांड्यात, रुळांच्या पश्चिमेला, देऊळ पूर्वेला. तरी आदल्या रात्रीच्या शेवटच्या गाडीने येऊन फलाटावर पाठ टेकलेली मंडळी उठली, की त्यांचा पहिला 'मोरया' रूळ ओलांडून थेट आमच्या गॅलरीत येतो.

एरवी मी संस्थेच्या वसतिगृहात राहते. पाच आठवड्यांपूर्वी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून घरून ये-जा. आईला खाली बसता येत नाही, म्हणून पूजा माझ्याकडे आणि सूचना तिच्याकडे. "दुर्वा मोजून घे, एकवीस. आणि कापराची एकच वडी काय लावतेस? अंगारकी आहे." मी तीन लावल्या. नुकतीच न्हाले होते, केस ओले, खोली लहान, डासांमुळे खिडकी बंद. आरती संपेपर्यंत समोरचं कॅलेंडरही धुरकट दिसायला लागलं होतं.

जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या, दर्शनाला निघालेल्या. "चाललीस का उंदरांकडे? आज तरी सोडायचंस गं त्यांना. बाप्पाचं वाहन ते." हे मी चार वर्षं ऐकते आहे. पीएच.डी. कधी संपणार, या प्रश्नापेक्षा बरं म्हणून हसते. काकूंना सांगण्यात अर्थ नाही, पण माझ्या उंदरांचं कुलदैवत असलंच तर ते कॅलिफोर्नियात असेल. १९१५ साली बर्कलीत लाँग आणि इव्हान्स या दोघांनी विस्टर जातीच्या पांढऱ्या माद्या आणि ओढ्याकाठी पकडलेला एक रानटी करडा नर यांच्यापासून ही जात तयार केली. अंग पांढरं आणि डोक्या-खांद्यावरून काळी खोळ ओढल्यासारखा रंग. पावसात पोतं डोक्यावर घेतलेल्या माणसासारखे दिसतात.

५.१५

अंगारकीची एक गंमत अशी, की सगळी मुंबई टिटवाळ्याकडे येत असते आणि मी उलटी जात असते. भरभरून आलेली लोकल रिकामी झाली आणि लेडीज डब्यात मला खिडकी मिळाली. आंबिवली, शहाड, कल्याण. माझ्या पहिल्या दोन उंदरांची नावं याच क्रमाने आहेत. नोंदवहीत त्यांना आकडे असतात, पण सहा जनावरांना रोज हातात घेताना आकडे तोंडात बसत नाहीत. आंबिवली, शहाड, मग पलीकडच्या बाजूचे खडवली, वाशिंद, आसनगाव, आटगाव. टिटवाळा हे नाव मात्र कुणाला दिलं नाही. आईला कळलं असतं तर जेवण मिळालं नसतं.

कल्याणला खरा पेच. ही गाडी पुढे स्लो. पलीकडच्या फलाटावर फास्ट लागलेली दिसते. उतरायचं, पूल चढायचा, उभं राहायचं आणि वीस-पंचवीस मिनिटं वाचवायची; की खिडकी धरून बसायचं? रोज हा हिशोब मी नव्याने करते आणि रोज बसून राहते. मी आळशी आहे असं नाही. बसून झालेलं आहे, हे खरं कारण.

यावर उंदरांचा पुरावा आहे. मिनेसोटा विद्यापीठातल्या डेव्हिड रेडिश यांच्या गटाने २०१८ साली 'सायन्स'मध्ये छोटे उंदीर, माझ्याकडे आहेत तसे मोठे उंदीर आणि माणसं या तिघांना एकसारखाच खेळ खेळायला लावल्याचं प्रसिद्ध केलं. आधी एका जागी उभं राहून ठरवायचं, की पुढे मिळणाऱ्या बक्षिसासाठी इतके सेकंद थांबायचं की नाही. हो म्हटलं की आत जाऊन प्रत्यक्ष थांबायचं. मध्येच सोडूनही देता येतं. आत जितका वेळ घालवला, तितकं सोडणं तिघांनाही जड गेलं. पण आत जाण्याआधी ठरवण्यात घालवलेला वेळ कुणीच धरून बसलं नाही. फलाटावर उभी राहून मी दहा मिनिटं विचार केला असता, तर त्या दहा मिनिटांचं मला काही वाटलं नसतं. सीटवर बसले, की ती मिनिटं माझी होतात.

डोंबिवलीला डबा भरला. एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "कुठे?" मी म्हटलं, "सीएसटी." तिचा चेहरा पडला, ती पुढच्या सीटकडे वळली. "कुठे?" "ठाणे." तिथेच रुतून राहिली. पूर्ण डब्याचा नकाशा तिने दीड मिनिटात मनात काढला असणार: कोण कुठे उतरणार, कोण खरं सांगतंय, कुणाची सीट आधीच कुणी सांगून ठेवलेली आहे. माझ्या प्रयोगात एवढी गुंतागुंत घातली, तर एथिक्स कमिटी परवानगी देणार नाही.

परळ, भायखळा, मशीद अशी स्टेशनं सरकतात, तेव्हा मला दरवेळी वाटतं, की उंदीर आणि शास्त्र यांची मुंबईतली गाठ याच रुळांच्या कडेने पडली. मशीद स्टेशनलगतच्या मांडवीत १८९६च्या सप्टेंबरमध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. हाफकिन यांनी भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे त्यांची प्रयोगशाळा परळला गेली. उंदरावरच्या पिसवेचा यातला हात दाखवला तो पॉल-लुई सिमाँ यांनी, १८९८ साली कराचीत. महापालिकेचे मूषक संहारक आजही रात्री काठी आणि बॅटरी घेऊन गल्ल्यांतून फिरतात. ते ड्युटी संपवून निघतात, त्या सुमारास माझी सुरू होते.

७.३०

संस्था मुंबईच्या दक्षिण टोकाकडे. बस, गेट, टपरीवरचा कटिंग, आणि मग प्राणीगृहाचा दरवाजा. चपला बाहेर, पायांना प्लॅस्टिकचे मोजे, गाऊन, मास्क, हातमोजे, डोक्यावर टोपी. टोपीतून माझे केस नेहमी बाहेर येतात.

मामा आधीच आलेले असतात. प्राणीगृहातली त्यांची नोकरी माझ्या वयाएवढी. पिंजऱ्यांखालचा भुसा बदलता बदलता त्यांनी मान वर केली. "ताई, आज घरी पूजा झाली वाटतं." मी म्हटलं, "अंगारकी ना." "हां, वास आला." मी प्रसादाची पुडी त्यांच्या डब्यापाशी ठेवली आणि कामाला लागले. पुढचे चार तास मी हे वाक्य विसरून गेले.

आठ वाजता टायमरवर दिवे जातात. उंदीर रात्री जागतो, माणसाने दिवसा काम करायचं असतं, म्हणून त्यांची रात्र आमच्या दिवसावर आणून बसवलेली आहे. सकाळी आठ ते रात्री आठ अंधार. आम्ही लाल दिव्यात वावरतो. उंदराला लाल जवळजवळ दिसत नाही. जुन्या फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये दिवस काढल्यासारखं वाटतं. बाहेर ऊन आहे की पाऊस, ते जेवायला गेल्यावर कळतं.

मग वजनं. स्वयंपाकघरात असतो तसाच डिजिटल काटा, वर प्लॅस्टिकचं भांडं. शहाड ४०२ ग्रॅम, आंबिवली ३८८, खडवली ४१५. त्यांचं पाणी मोजून दिलेलं असतं, कारण तहान नसेल तर साखरपाण्याच्या थेंबासाठी कोण धावेल? पण पाणी पोटभर असतानाच्या वजनाच्या ८५ टक्क्यांखाली कुणी गेलं, तर त्या दिवशी खेळ बंद आणि पाणी भरपूर. हा आकडा आम्ही एथिक्स कमिटीला लिहून दिलेला आहे, आणि कमिटी १९६०च्या प्राणीक्रूरता प्रतिबंधक कायद्याला बांधलेली. शहाड पाण्यावर मोकळा असताना ४४० भरायचा. त्याची रेषा ३७४. अजून बरीच दूर.

शहाडला उचलला की तो बाहीतून खांद्यावर चढतो. आज चढला आणि मानेपाशी येऊन थांबला. मिशा माझ्या कानाला लागत होत्या. लाडात आलाय, असं मला वाटलं.

८.४०

माझा मेझ म्हणजे काळ्या अक्रिलिकचा एक तिठा. एक सरळ गल्ली, टोकाला डावं आणि उजवं. गल्लीच्या सुरुवातीला एक सूर वाजतो. डाव्या हाताला साखरपाण्याचा एक थेंब, लगेच. उजव्या हाताला चार थेंब, पण थांबून. किती थांबून, ते सूर सांगतो: खर्जातला असेल तर दोन सेकंद, जसजसा चढेल तसतसे वीसपर्यंत. खेळ एवढाच. दोन सेकंदांना सगळे उजवीकडे जातात, वीसला बहुतेक सगळे डावीकडे. मला त्यात रस नाही. मला मधले सूर हवे असतात, सात-आठ-नऊ सेकंदांचे. तिथे उंदीर तिठ्यावर थबकतो.

थबकतो म्हणजे काय, हे जवळून सांगते. पुढचे पाय तिठ्याच्या कडेला येतात. मागचे अजून चालत असतात, त्यामुळे अंग किंचित कमानीसारखं होतं. डोकं डावीकडे जातं, मिशा पुढे, एक ठोका. मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे. सगळं मिळून सेकंदभर. आणि मग एकदम, आधीपासून ठरलेलं होतं अशा ऐटीत, तो एकीकडे निघून जातो. कार्ल म्युनझिंगर यांनी १९३०च्या दशकाच्या शेवटी या हालचालीला नाव दिलं. मराठीत सांगायचं तर मनातल्या मनात करून पाहणं. बर्कलीच्या एडवर्ड टोलमन यांनी त्यावर बाजी लावली: उंदराच्या डोक्यात जागेचा नकाशा असतो आणि हा प्राणी वळायच्या आधी तो नकाशा उलगडून बघतो. त्या काळच्या मानसशास्त्रात हे बोलणं चहाटळपणा समजला जाई. उद्दीपन आलं, प्रतिसाद गेला, मध्ये काही नाही, असा जमाना होता.

मध्ये काय असतं, ते आम्ही आता ऐकू शकतो. शहाडच्या डोक्यावर बाटलीच्या बुचाएवढा एक मुकुट आहे. त्यातून केसाहून कितीतरी बारीक तारा, चार-चारच्या पिळाने, मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसपर्यंत उतरलेल्या आहेत. बसवताना पूर्ण भूल, नंतर वेदनाशामक, आठवडाभर विश्रांती. मेंदूला स्वतःला दुखत नाही. रोज एक स्क्रू पाव फेरा वळवला की तारा सुमारे ८० मायक्रॉन खाली जातात. ज्या थरात पोचायचं, तो केसाच्या जाडीएवढा. मला तिथे पोचायला तीन आठवडे लागले. एका संध्याकाळी स्पीकरवर लाह्या फुटल्यासारखा आवाज आला आणि मी एकटीच लाल दिव्यात उभी राहून टाळ्या वाजवल्या.

ती एकेक लाही म्हणजे एका पेशीचा एक ठोका. या पेशींचा स्वभाव जॉन ओ'कीफ यांनी १९७१ साली सांगितला, नोबेल २०१४ साली मिळालं: प्रत्येक पेशीची आपली एक जागा असते. एक फक्त गल्लीच्या मध्यावर तडतडते, दुसरी फक्त डाव्या टोकाला. म्हणजे पेशी ऐकून उंदीर कुठे आहे, ते डोळे मिटून सांगता येतं. एक अपवाद सोडून. तिठ्यावर तो थबकला, की तो जिथे आहे तिथल्या पेशी क्षणभर मागे पडतात आणि पुढच्या वाटेवरच्या, जिथे तो अजून गेलेलाच नाही तिथल्या, ओळीने तडतडत जातात. अ‍ॅडम जॉन्सन आणि रेडिश यांनी हे २००७ साली दाखवलं. २०२०मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या लॉरेन फ्रँक यांच्या गटाने त्याचा ताल मोजला: एक वाट, दुसरी वाट, पुन्हा पहिली, सेकंदाला सुमारे आठ वेळा. उंदराचं डोकं हलायच्याही कितीतरी आधी आत डावं, उजवं, डावं सुरू झालेलं असतं.

त्याला विचार म्हणायचं का? लॅबमध्ये आम्ही तो शब्द टाळतो. घरी मी सरळ म्हणते, की उंदीर विचार करतो, आणि माझी झोप त्यामुळे बिघडत नाही.

आज शहाड कमालीचा थबकत होता. एरवी शंभर फेऱ्यांत पंधरा-वीसदा. आज पन्नासाव्या फेरीलाच मी पंचविसावी खूण केली. आणि नुसत्या मधल्या सुरांना नाही, खर्जातल्या सुरालाही, जिथे ठरवण्यासारखं काही नसतं. हा नियम मोडणारा निकाल होता. सोप्या प्रश्नालाही उंदीर विचार करतो! नव्वदाव्या फेरीपर्यंत माझ्या डोक्यात पेपरचं शीर्षक तयार होतं.

१०.५०

खडवलीच्या डोक्यावर अजून मुकुट नाही, तो नुसता खेळतो. तोही थबकला. डावं, उजवं, डावं, आणि मग एकदा वर.

वर?

११.४०

आंबिवलीने निकाल लावला. तो माझा सगळ्यात उतावळा उंदीर. सूर संपायच्या आत सुटतो, आठवड्यातून एखाददुसरी खूण. आज पहिल्याच फेरीला तिठ्यावर आला, दोन पायांवर उभा राहिला, भिंतीच्या कडेवर पंजे टेकले आणि मी पडद्याआड जिथे स्टुलावर बसले होते, नेमका त्या दिशेला नाक हलवत राहिला. डावी नाकपुडी, उजवी नाकपुडी. मी स्टूल दुसऱ्या कोपऱ्यात नेलं. नाक दुसऱ्या कोपऱ्याकडे वळलं.

मी टोपीतून बाहेर आलेली बट नाकाशी नेली. कापूर.

तीन वड्या, ओले केस, बंद खिडकी. मामांना दारातच कळलं होतं. त्यांनी तर सांगितलंही होतं.

आणि हे मला ठाऊक असायला हवं होतं. उंदीर दोन नाकपुड्यांनी वासाची दिशा ओळखतो, हे दाखवणारं काम आपल्याकडचं आहे. बंगळूरच्या एनसीबीएसमध्ये राघव राजन, जेम्स क्लेमेंट आणि उपिंदर भल्ला यांनी २००६ साली ते 'सायन्स'मध्ये छापलं. वास डावीकडून आला की उजवीकडून, हे शिकवलेला उंदीर एक-दोन हुंगण्यांत सांगतो; दोन नाकपुड्यांत पोचायला सेकंदाच्या विसाव्या भागाचा फरक असला, तरी पुरतो. एक नाकपुडी बंद केली की जमत नाही. तो पेपर मी पहिल्या वर्षी जर्नल क्लबमध्ये सादर केला होता. उत्तम सादर केला होता, असं माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या होत्या.

म्हणजे सकाळपासून माझे उंदीर तिठ्यावर विचार करत नव्हते. आज ही बाई अशी का येतेय, ते हुंगत होते. आणि वरच्या कॅमेऱ्यातून दोन्ही अगदी सारखंच दिसतं: मान डावीकडे, मान उजवीकडे, एक ठोका, मग चाल.

१.१५

मेसमध्ये भाजी भोपळ्याची होती. एवढंच.

२.००

कॉम्प्युटरवर बसले. मला मोह काय झाला, ते लिहून ठेवते. शहाडच्या पेशींचं रेकॉर्डिंग होतं. मग मी त्यांनाच विचारू शकत होते: या थांबण्यात पुढच्या वाटा उलगडत होत्या का? उलगडत असतील त्या खुणा ठेवायच्या, नसतील त्या कापराच्या म्हणून टाकायच्या. सकाळ वाया जाणार नाही.

दोन तास तेच केलं. आधी तो चालत असतानाच्या भागावरून प्रत्येक पेशीची जागा शिकून घ्यायची, मग थांबलेल्या प्रत्येक क्षणाला विचारायचं, की या ठोक्यांवरून हा कुठे असावा. पडद्यावर तिठ्याचं चित्र आणि त्यावर एक पिवळट ढग फिरतो. काही थांबण्यांत ढग जागचा हलला नाही. उंदीर तिठ्यावर, ढगही तिठ्यावर. म्हटलं, हा कापूर. काही थांबण्यांत ढग डावीकडे घरंगळला, परत आला, उजवीकडे गेला. म्हटलं, हा विचार. पोट भरल्यासारखं वाटलं.

मग जे दिसत होतं ते नीट पाहिलं. तारांना सापडलेल्या पेशी चौतीस. चौतीस पेशींत ढग असाही इकडेतिकडे जातो. तो विचारात गेला की गोंगाटात, हे सांगायला मला थांबण्याचं दुसरं काहीतरी माप हवं. आणि ते माप म्हणजे मानेची हालचाल, जी आज कापराने खराब केलेली. मी ज्याच्यावरून ज्याची पारख करत होते, ते दोन्ही एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे होते. वर हेही, की जी थांबणी मी ठेवत होते ती बहुतेक मला हव्या असलेल्या सुरांचीच होती. ते मुद्दाम केलं नव्हतं, पण तसं झालं होतं खरं.

फोल्डरचं नाव बदललं. तारीख, शहाड, आणि पुढे 'वापरू नये'. नोंदवहीत लिहिलं: 'प्रयोगकर्तीच्या केसांना कापराचा वास. तिन्ही सेशन रद्द.' ही नोंदवही उद्या कुणी तपासनीस वाचणार. वाचू दे.

४.३०

मॅडमना सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "आधीच्या चार वर्षांत तू गजरा कधी घातलास? शॅम्पू कधी बदललास? कुणाच्या हळदीकुंकवाला जाऊन आलीस?" मी गप्प. "त्या दिवसांचं काय?"

हा मला लागलेला सगळ्यात वाईट धक्का होता आणि तो त्यांनी चहा ओतता ओतता दिला. आजचा दिवस मी ओळखला, कारण आंबिवली दोन पायांवर उभा राहिला. जे दिवस मी ओळखले नाहीत, त्यांत किती थबकणी अशी असतील? ठरलं असं: जुने सगळे व्हिडिओ पुन्हा बघायचे, तारीख आणि सूर झाकून, आणि नाक जमिनीला समांतर होतं की वर, हेही नोंदवायचं. ते मी बघायचं नाही. नव्याने आलेली ज्युनिअर बघेल. मी बघितले तर मला हवं ते दिसेल, याचा पुरावा दुपारी मीच तयार केला होता.

"पेपर?" मी विचारलं.

"दिवाळीनंतर बघू." कुठल्या दिवाळीनंतर, ते त्या म्हणाल्या नाहीत.

५.३०

उरलेलं पाणी द्यायची वेळ. प्रत्येकाचा वाटा मोजून. जिभेचा टिकटिक आवाज सहा पिंजऱ्यांतून एकदम सुरू होतो. हा माझा दिवसातला आवडता आवाज. आज तर कुणी चुकलंही नव्हतं. चुकले होते मी. शहाडला अर्धा चमचा जास्त दिला आणि तसं लिहून ठेवलं.

शहाडच्या तारा नेमक्या कुठे पोचल्या होत्या, हे शेवटी एकाच पद्धतीने कळतं. भुलीचं मोठं इंजेक्शन, मग मेंदूचे ४० मायक्रॉन जाडीचे काप, जांभळा रंग, सूक्ष्मदर्शक. ते मी स्वतः करते, दुसऱ्या कुणावर सोडत नाही. आई कधी विचारत नाही, की प्रयोग संपले की ते कुठे जातात. काकू विचारतात. मी विषय बदलते.

६.४०

सीएसटीला आसनगाव लोकलला पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धा डबा फुलं, नारळ, लहान मुलं; ऑफिस करून दर्शनाला निघालेल्या बायका. "कुठे?" मला कुणीतरी विचारलं. "टिटवाळा." "अगं बाई, आज सगळेच टिटवाळा." डोंबिवलीपर्यंत उभी, मग चौथ्या सीटवर टेकायला मिळालं. खिडकीजवळच्या आजींच्या पिशवीतून कापराच्या पुडीचा वास येत होता. मी शहाण्यासारखं तोंड फिरवलं. मग आठवलं की आता काय फरक पडतो.

८.५०

स्टेशनाबाहेर पूर्वेला रिक्षांची रांग, 'मंदिर, मंदिर' असा पुकारा. पश्चिमेला शुकशुकाट. घरी आई गॅलरीत खुर्ची टाकून बसलेली. पहाटेपासून चहा आणि पाण्यावर. आत मोदक झाकून ठेवलेले. बाबांनी वळलेले, त्यामुळे पाकळ्या कमी आणि पोट मोठं. माझे उंदीर चार थेंबांसाठी वीस सेकंद थांबायला तयार नसतात. आईचा उजवा हात सतरा तासांचा.

बाबा आतून म्हणाले, "कालनिर्णयमध्ये नऊ वाजून सहा मिनिटं दिलंय. झाले नऊ-दहा. जेवून घे."

"दिसला नाही अजून."

"समोर टॉवर झालाय. तो काय टॉवर फोडून दिसणार आहे?"

आईने कॅलेंडरकडे बघितलं, मग टॉवरकडे, मग पुन्हा आत भिंतीकडे. मी दारात उभी राहून बघत होते आणि मला हसू आलं. "काय गं?" "काही नाही. मान." तिने गुडघा सावरत काठी घेतली, चालत गॅलरीच्या पार कडेला गेली, कठड्यावर वाकली, आणि टॉवर आणि पाण्याची टाकी यांच्या फटीत तो होता. लालसर, अर्धवट. तिने हात जोडले.

मग आरती. तबकात तिने कापूर ठेवला आणि काडी ओढणार, तेवढ्यात मी ओरडले. दिवसभराचं सगळं सांगितलं. केस, आंबिवली, रद्द केलेले तीन सेशन. आईने ऐकून घेतलं. "म्हणजे तो उंदीर तुला हुंगत होता?"

"हो."

"आणि तू तिकडे बसून म्हणतेस, की तो विचार करतोय."

बाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. आईने काडी ओढली. "आरती कापराशिवाय होत नाही. तू तिकडे स्वयंपाकघराच्या दारात उभी राहा. लांबून घे. आणि उद्या पहाटे परत न्हा."

मी टॉवेल डोक्याला घट्ट गुंडाळून दारात उभी राहिले. मोबाइलवरचा उद्याचा गजर चारचा पावणेचार केला.